गर्दीचा अर्थ : सांस्कृतिक अभ्यास आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीतील समकालीन समाज

सारांश

सांस्कृतिक अभ्यास ही ज्ञानशाखा मराठी विद्यापीठीय विश्वात आता अपरिचित राहिलेली नाही. तथापि समकालीन समाज समजून घेण्यासाठी तिचा नेमका उपयोग कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुधा सिद्धान्तांच्या नामावळीतून दिले जाते. प्रस्तुत लेखात हा प्रश्न ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसराच्या संदर्भात तपासला आहे. या परिसराचे सर्वांत ठळक वास्तव म्हणजे गर्दी. लोकलमधील गर्दी, नववर्ष स्वागतयात्रेतील गर्दी, दहीहंडीची गर्दी आणि गावठाणातील हळदीची गर्दी या चार गर्दींचे वाचन करून, गर्दीला कोण कोणता अर्थ देतो आणि त्या अर्थातून कोणाचे हित साधले जाते, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : सांस्कृतिक अभ्यास, गर्दी, उपनगरीय समाज, उत्सव, धुरीणत्व.

१. प्रस्तावना

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोहोचली. पुढील वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. या परिसराचा आधुनिक इतिहास या दोन घटनांपासून सुरू होतो, असे म्हटल्यास ते फारसे वावगे ठरणार नाही. कल्याण हे प्राचीन बंदर होते, ठाणे हे सत्ताकेंद्र होते. परंतु दोन्ही शहरांना आणि पुढे डोंबिवलीला आजचे रूप दिले ते रेल्वेनेच. मुंबईत घर परवडेनासे झालेला नोकरदार वर्ग या मार्गाने उत्तरेकडे व पूर्वेकडे सरकत गेला. १९८२ मध्ये ठाणे आणि १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली होती आणि तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी त्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

हे आकडे महत्त्वाचे आहेत. किती माणसे आली, कोठे राहिली, किती प्रवास करतात हे त्यांवरून कळते. परंतु इतकी माणसे एकत्र आल्यावर त्यांचा ‘समाज’ कसा होतो, हे आकडे सांगत नाहीत. दिवसाचे बारा-तेरा तास घराबाहेर असणारा माणूस ज्या शहरात केवळ झोपण्यापुरता परततो, त्या शहराला तो ‘आपले’ कसे म्हणू लागतो? हा प्रश्न लोकसंख्याशास्त्राचा नाही, नगररचनेचाही नाही. तो अर्थनिर्मितीचा प्रश्न आहे आणि सांस्कृतिक अभ्यासाचे क्षेत्र येथूनच सुरू होते.

२. सांस्कृतिक अभ्यास : संकल्पना आणि मराठी पूर्वपीठिका

रिचर्ड हॉगार्ट यांनी १९६४ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन सांस्कृतिक अभ्यासाचे केंद्र स्थापन केले. ते २००२ मध्ये बंद झाले. परंतु तोवर त्याची विचारपद्धती जगभर पोहोचली होती. रेमंड विल्यम्स यांनी १९५८ मध्येच संस्कृतीची उच्चभ्रू व्याख्या नाकारून ती सामान्य माणसाच्या नित्य जगण्यात शोधली. त्यांचे आणखी एक प्रतिपादन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मोलाचे आहे. जनसमूह ही वस्तुस्थिती नसून इतरांकडे पाहण्याची ती एक दृष्टी आहे, असा त्याचा आशय आहे. आपण स्वतःला कधीच गर्दी म्हणत नाही; गर्दी ही नेहमी इतरांची असते. स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सांकेतन-विसंकेतन सिद्धान्तानुसार संदेश घेणारा तो तीन प्रकारे वाचू शकतो : जसाच्या तसा स्वीकारून, काही अंशी स्वतःच्या सोयीने वळवून किंवा पूर्णपणे विरोधात जाऊन. ग्राम्शी यांच्या विचारातून आलेली धुरीणत्वाची संकल्पना, म्हणजे बळापेक्षा संमतीने चालणारे वर्चस्व, ही या सर्व मांडणीच्या मुळाशी आहे.

तथापि ही दृष्टी संपूर्णपणे आयात आहे असे समजणे इतिहासाला धरून होणार नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या वर्षभरातील सण-संस्कारांचा हिशेब मांडला आणि धार्मिक विधी व आर्थिक शोषण यांचा सांधा उघड केला. इरावती कर्वे यांनी पंढरीच्या वाटेवर स्वतः चालताना एकाच दिंडीत जातीनुसार वेगळ्या पडणाऱ्या पंगतींची नोंद घेतली. समूहात सामील होऊन त्याच समूहातील भेग पाहण्याची ही दृष्टी होती. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या अभ्यासातून समाजगटांच्या समन्वयाचा इतिहास उलगडला. तेव्हा सांस्कृतिक अभ्यासाची पाळेमुळे मराठी विचारपरंपरेत आहेत. संज्ञा मात्र नवीन आहेत.

३. लोकलमधील गर्दी : भार की समाज?

मुंबईच्या उपनगरीय गाडीत ऐन गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात. रेल्वेच्या तांत्रिक परिभाषेत या अवस्थेला स्वतंत्र नाव आहे आणि त्या नावात ‘भार’ हा शब्द आहे. प्रशासनाच्या दृष्टीने प्रवासी हा वाहून न्यावयाचा भार ठरतो.

डब्याच्या आत मात्र वेगळेच चित्र आढळते. रोजच्या ठरलेल्या गाडीचे ठरलेले ‘ग्रुप’ असतात. चौथ्या सीटवर कोणी किती वेळ बसायचे, कोणत्या स्थानकानंतर उठून दुसऱ्याला जागा द्यायची, याचे अलिखित नियम असतात. डोंबिवलीकर प्रवासी उलट दिशेच्या गाडीने आधी कल्याणला जाऊन जागा धरतो, तेव्हा तो नियमाला बगल देत असतो आणि इतर प्रवाशांशी त्याचा वादही होतो. भजनी मंडळे टाळ घेऊन चढतात. कोणाला त्यात दिवसाचा आधार वाटतो, तर कोणाला त्याचा त्रास होतो. दसऱ्याच्या आधी डब्याची पूजा होते, झेंडूची तोरणे लागतात. महिलांच्या डब्यात भाजी निवडली जाते, डोहाळेजेवण होते, हळदीकुंकू होते. सार्वजनिक वाहन आणि खासगी घर यांतील सीमारेषा येथे पुसट होते. यामागे केवळ हौस नसते. घरी या गोष्टींसाठी वेळच उरत नाही, हे त्यामागचे कारण असते.

नवरात्रातील नऊ रंगांची प्रथा हे या संदर्भातील बोलके उदाहरण आहे. ही प्रथा कोणत्याही पुराणातून आलेली नाही. इसवी सन २००० नंतरच्या दशकात मराठी वृत्तपत्रांनी रोजचा रंग जाहीर करणे व वाचक स्त्रियांची छायाचित्रे छापणे सुरू केले आणि पाहता पाहता ती ‘परंपरा’ झाली. वरवर पाहता हा बाजारपेठेचा विजय आहे. परंतु नोकरदार स्त्रियांनी हा संदेश केवळ ग्राहक म्हणून वाचला नाही. एकाच रंगात उभा असलेला महिला डबा म्हणजे एरवी परस्परांना ढकलणाऱ्या स्त्रियांनी काही काळ स्वतःला दिलेले सामूहिक रूप होते. हॉल ज्याला वळवून घेतलेले वाचन म्हणतात, ते हेच. त्याच वेळी नऊ रंगांच्या नऊ साड्या नसलेली स्त्री त्या डब्यात अवघडून उभी असते, हेही विसरता येत नाही.

या गर्दीची दुसरी बाजू मृत्यूची आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी मुंब्रा स्थानकाजवळ परस्परविरुद्ध दिशेने जाणाऱ्या लोकलच्या दारातील प्रवासी खाली पडले. त्यांपैकी किमान चौघांचा मृत्यू झाला. त्यानंतर मुंबईच्या नव्या उपनगरीय गाड्यांना स्वयंचलित दारे बसविण्याची आणि विनावातानुकूलित डब्यांची रचना बदलण्याची घोषणा झाली. येथे सांस्कृतिक अभ्यासक एका शब्दापाशी थांबतो : ‘लटकणे’. लटकणारा प्रवासी म्हणताच बेपर्वा तरुणाची प्रतिमा उभी राहते आणि अपघाताची जबाबदारी मृताकडे सरकते. ‘आत जागा नसलेला प्रवासी’ असे म्हटले असता तीच जबाबदारी व्यवस्थेकडे जाते. दोन्ही शब्दप्रयोग एकाच शरीराविषयी आहेत. संकटानंतर दुसऱ्याच दिवशी कामावर निघालेल्या माणसाच्या नाइलाजाला ‘मुंबईचे स्पिरिट’ म्हणण्यातही हेच घडते.

ही गर्दी प्रत्येक वेळी गप्प राहिलेली नाही. २ जानेवारी २०१५ रोजी विस्कळीत वाहतुकीमुळे दिवा स्थानकात प्रवाशांनी रेल्वे रोखली आणि त्या आंदोलनाला हिंसक वळण लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये वातानुकूलित लोकलच्या विरोधात कळवा व बदलापूर येथे प्रवासी रुळांवर उतरले. ‘गारवा’ ही सुविधा कोणाला मिळणार आणि तिच्यासाठी कोणाची साधी गाडी रद्द होणार, असा तो प्रश्न होता. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या प्रसंगांचे वर्णन बहुधा ‘उद्रेक’ या शब्दाने होते. उद्रेक हा ज्वालामुखीचा असतो. त्यात विचार गृहीत धरलेला नसतो. मागणी करणाऱ्या माणसांना ‘उद्रेक’ म्हणणे म्हणजे त्यांची मागणी न ऐकणे होय.

४. स्वागतयात्रेतील गर्दी : शहराचे स्वतःला दिलेले दर्शन

डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ च्या गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पुढील काही वर्षांत ठाणे, गिरगाव व राज्यातील अनेक शहरांत तिचे अनुकरण झाले. पालखी, लेझीम, ढोलताशा, चित्ररथ, रस्ताभर रांगोळ्या, नऊवारी साडी व फेटा परिधान करून दुचाकीवर निघालेल्या स्त्रिया हे तिचे आज सर्वपरिचित रूप आहे. अवघ्या पाव शतकाची ही प्रथा नव्या पिढीला प्राचीन वाटते. एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘परंपरेची निर्मिती’ ही संकल्पना येथे तंतोतंत लागू पडते. महाराष्ट्राला ती अपरिचितही नाही. १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवाचा इतिहास याच जातीचा आहे.

परंतु परंपरा नवी आहे एवढे दाखवून अभ्यासकाचे काम संपत नाही. ती याच शहरात आणि याच काळात का निर्माण झाली, हा खरा प्रश्न आहे. डोंबिवलीला राजवाडा नाही, विद्यापीठ नाही, समुद्रकिनारा नाही. गिरगाव, दादर, कोकण आणि देश अशा अनेक ठिकाणांहून आलेल्या कुटुंबांचे हे शहर आहे. त्यांच्याजवळ सामायिक असा भूतकाळ नव्हता, म्हणून त्यांनी सामायिक असा एक दिवस निर्माण केला. वर्षभर रेल्वेच्या पुलावरून खाली मान घालून जाणारा माणूस या दिवशी फडके रस्त्याच्या मध्यभागातून मान वर करून चालतो. रोजची गर्दी त्याला अनामिक करते. ही गर्दी त्याला नाव देते. ‘सांस्कृतिक नगरी’ हे बिरुद, कल्याणचे १८६४ मधील सार्वजनिक वाचनालय, ठाण्याचे १८९३ मधील मराठी ग्रंथसंग्रहालय, २०१० मध्ये ठाण्याला व २०१७ मध्ये डोंबिवलीला भरलेले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन या सर्वांचा अभिमान याच गरजेशी जोडलेला आहे.

यात्रेचे वाचन मात्र एकसारखे नसते. संयोजकांना अभिप्रेत असलेला धर्म-संस्कृतीचा संदेश अनेकजण पूर्णपणे स्वीकारतात. फडके रस्त्यावर मित्रमैत्रिणींना भेटण्यासाठी नटून येणारा तरुण वर्ग तो स्वतःच्या सोयीने वळवतो. दिवाळीच्या पहाटेही हा रस्ता असाच तरुणांनी फुललेला असतो. नऊवारी नेसून मोटारसायकल चालविणारी तरुणी परंपरेचे वस्त्र आणि गतीचे स्वातंत्र्य दोन्ही एकाच वेळी मागत असते. आणि तिसरा वर्ग यात्रेच्या कडेला उभा असतो : शहरातील मुस्लिम व ख्रिस्ती रहिवासी, उत्तर भारतीय कामगार, ज्यांचे नववर्ष किंवा सार्वजनिक स्मरणाचा दिवस वेगळा आहे असे अनेक. १४ एप्रिलला निघणाऱ्या आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकाही याच शहरांच्या रस्त्यांवरून जातात. त्यांना ‘सांस्कृतिक नगरी’च्या वर्णनात कितीसे स्थान मिळते? ‘आपण’ या शब्दाची व्याप्ती प्रत्येक मिरवणूक नव्याने आखते. ती रेषा कोठून जाते हे पाहणे म्हणजे उत्सवाचा अनादर नव्हे.

२५ मार्च २०२० रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, गुढीपाडवा होता. त्या वर्षी रस्ते ओस पडले होते. २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला निर्बंध उठले आणि यात्रा पुन्हा निघाल्या. मधल्या काळात लोकलही सर्वसामान्यांसाठी दीर्घकाळ बंद होती. दोन्ही गर्दी एकदमच नाहीशा झाल्या, तेव्हा या शहरांचे जगणे त्यांवर किती अवलंबून होते हे स्पष्ट झाले.

५. दहीहंडीची गर्दी : शरीर, बक्षीस आणि कायदा

ठाण्याची दहीहंडी हे तिसरे उदाहरण होय. टेंभी नाक्यावरील आनंद दिघे यांच्या हंडीने या उत्सवाला राजकीय प्रतिष्ठा मिळवून दिली. पुढील काळात लोकप्रतिनिधींच्या प्रतिष्ठानांनी लाखोंची बक्षिसे, ध्वनिव्यवस्था, चित्रपट कलावंत व दूरचित्रवाणी यांच्या साहाय्याने तिचे भव्य प्रेक्षणीय सोहळ्यात रूपांतर केले. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचले आणि ४३.७९ फुटांच्या या मनोऱ्याची गिनीज बुकात नोंद झाली.

थर उंचावले तसे अपघातांचे प्रश्नही गंभीर झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने २० फुटांची उंचीमर्यादा व १८ वर्षांची वयोमर्यादा घातली. २०१७ मध्ये उंचीचा निर्णय राज्य शासनावर सोपविण्यात आला आणि १४ वर्षांखालील मुलांना मनाई राहिली. २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदाच्या मृत्यूसाठी १० लाख रुपयांचे साहाय्य जाहीर केले. या आठ वर्षांत एकाच कृतीची नावे बदलत गेली : धार्मिक विधी, धोकादायक प्रथा, परंपरा, खेळ. नाव बदलले की उत्तरदायित्व बदलते. विधी म्हटले की भाविकाची इच्छा पुढे येते, धोका म्हटले की न्यायालय, खेळ म्हटले की विमा. चौकात होणारा हा वाद केवळ भावनांचा नव्हता. गोविंदाच्या शरीराची जबाबदारी कोणाची, याचा तो वाद होता.

मानवी मनोरा हे समाजाचे एक रूपकही ठरते. छायाचित्रात सर्वांत वरचा बालगोविंदा दिसतो, व्यासपीठावर आयोजक दिसतो. तळाच्या थरात खांदे देणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. तरीही त्या तरुणाला केवळ राजकारण्यांचे प्यादे मानणे अन्यायाचे होईल. महिनोन्महिने रात्री होणारा सराव, पथकाची शिस्त, पडणाऱ्याला झेलण्याचे कौशल्य यांतून त्याला कामाच्या ठिकाणी न मिळणारी प्रतिष्ठा मिळते. धुरीणत्व टिकते ते याचमुळे : ते केवळ लादलेले नसते, त्यात सहभागी होणाऱ्यालाही काही खरे असे मिळत असते.

६. गावठाणातील गर्दी : ज्यांच्या जमिनीवर शहर उभे राहिले

वरील तिन्ही गर्दी प्रामुख्याने बाहेरून येऊन वसलेल्या समाजाच्या आहेत. या परिसरातील आगरी व कोळी समाजाला शहराच्या सांस्कृतिक वर्णनात बहुधा लोकनृत्यापुरते स्थान मिळते. वास्तविक कल्याण-डोंबिवलीतील वसाहती त्यांच्या भातशेतीवर आणि खाजणांवर उभ्या आहेत. परिसरातील २७ गावे महानगरपालिकेत घेणे, वगळणे आणि पुन्हा घेणे हा वाद १९८३ पासून चालत आला आहे.

या पार्श्वभूमीवर आगरी लग्नातील हळदीच्या मोठ्या समारंभाकडे पाहिले पाहिजे. नव्या वसाहतीतील रहिवासी त्याकडे गोंगाट आणि उधळपट्टी म्हणून पाहतो. ही टीका संपूर्णपणे चुकीची नाही. खर्चाचे ओझे समाजातील कमकुवत कुटुंबांवरच अधिक पडते. परंतु शेती गेली, गाव इमारतींच्या आड लपले, अशा वेळी ‘हे गाव अजून आमचे आहे’ असे सांगण्याचे जे थोडे प्रसंग उरले त्यांत हळद येते. दुसरीकडे, लग्नात धवले गाणाऱ्या धवलारणीचा आवाज ध्वनिवर्धकाच्या भिंतीपुढे क्षीण होत गेला आहे. स्त्रीच्या मौखिक ज्ञानाची जागा भाड्याने आणलेल्या यंत्राने घेतली. एकाच समारंभात अस्मितेचा उच्चार आणि परंपरेचा ऱ्हास एकत्र घडतो, हे वाचण्यासाठी निव्वळ कौतुक किंवा निव्वळ निषेध यांपैकी काहीही पुरे पडत नाही.

७. मर्यादा

सांस्कृतिक अभ्यासाच्या नावाने होणाऱ्या लेखनातील काही दोषांचाही निर्देश करणे आवश्यक आहे. पहिला दोष म्हणजे सिद्धान्ताचा साचा आधी ठेवून त्यात स्थानिक उदाहरण बसविणे. अशा लेखनात डोंबिवलीऐवजी दुसरे कोणतेही नाव घातले तरी निष्कर्ष बदलत नाही. दुसरा दोष म्हणजे सर्वच गोष्टींना चिन्ह मानणे. मुंब्र्याजवळ पडलेला प्रवासी हे चिन्ह नाही, तो माणूस आहे. त्याच्या मृत्यूचे स्पष्टीकरण गाड्यांची संख्या, लोहमार्गाचे वळण आणि घरांच्या किमती यांशिवाय पूर्ण होणार नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा दरम्यान पाचवी व सहावी मार्गिका सुरू झाली, ही माहितीही या अभ्यासाचा भाग असली पाहिजे. तिसरा दोष भाषेचा आहे. ज्या माणसांविषयी लिहावयाचे त्यांना न कळणाऱ्या परिभाषेत लिहिले गेल्यास त्यांचे आयुष्य पुन्हा एकदा ‘भार’ ठरते, या वेळी शोधनिबंधातला.

८. निष्कर्ष

चारही गर्दींत बहुतांशी याच परिसरातील माणसे आहेत. लोकलमध्ये ती भार ठरतात, स्वागतयात्रेत संस्कृती, दहीहंडीत प्रेक्षक व मतदार, हळदीत गोंगाट. माणसे तीच, नावे वेगळी. आणि नाव देण्याचा अधिकार दर वेळी दुसऱ्याकडे. हा अधिकार कोणाकडे आहे हे उघड करणे, हीच समकालीन समाजाच्या आकलनातील सांस्कृतिक अभ्यासाची विशेष कामगिरी होय.

यातून आणखी एक प्रश्न पुढे येतो. हजारो माणसांची यात्रा शिस्तीने काढणारे, नऊ थरांचा तोल सांभाळणारे, डब्यात चौथ्या सीटचा न्याय करणारे हे शहर संघटनकौशल्यात कोठेही उणे नाही. तरीही सुरक्षित प्रवासासारख्या मूलभूत हक्कासाठी ते कौशल्य एकवटताना क्वचितच दिसते. उत्सवातील ‘आपण’ आणि फलाटावरील ‘आपण’ यांमध्ये हे अंतर का पडले, याचा शोध घेण्यासाठी अभ्यासकाला ग्रंथालयातून उठून सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावर उभे राहावे लागेल. तेथे त्याला गर्दी दिसणार नाही, माणसे दिसतील. त्यानंतरच्या लेखनाला संशोधन म्हणता येईल.